भंडारा लावलेला प्रोसेसर

माझा पहिला कॉम्प्युटर इतका हळू होता की तो चालू करून मी गारखेड्याहून पायी निघालो असतो, देवगाव रंगारीला आमच्या घरी जाऊन जेवलो असतो, येताना दोन ठिकाणी चहा घेतला असता आणि परत येऊन खुर्चीत बसलो असतो, तरी पडद्यावरचं ते वाळूचं घड्याळ तसंच उलटंसुलटं होत राहिलेलं दिसलं असतं. यात मी थोडी भर घातली आहे हे कबूल करतो. चहा एकाच ठिकाणी झाला असता.

तो मी तिसऱ्या हातानं घेतलेला होता. आधी एका सायबर कॅफेत लोकांचे खेळ सोसून आलेला, मग एका क्लासवाल्यानं त्याच्यावर चार वर्षं टायपिंग शिकवलेलं. माझ्याकडं आला तेव्हा त्याच्या डब्याला एका बाजूचं झाकण नव्हतं आणि पंखा असा गुरगुरायचा की शेजारच्या काकूंनी एकदा दारातून विचारलं, "गिरणी टाकली काय रे? दळण आणू का?" मी म्हणालो, आणा काकू, पण पीठ न्यायला पुढच्या महिन्यात या.

या मशीनवर मी घरं काढायचो. अजून न बांधलेली घरं. ती दुष्काळाची वर्षं होती आणि नेमकी तीच शहर वाढायची वर्षं होती. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा चालतात ते मला आजही सांगता येणार नाही. इकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तिकडं बीड बायपासच्या कडेला रोज एक नवी पाटी. परवा जिथं तुरीचे खुंट उभे होते तिथं आज अकरा मजले उभे, पण कागदावर. आणि कागद बघून कुणी फ्लॅट घेत नाही. लोकांना बाल्कनीतली कुंडी दिसावी लागते, सोफा दिसावा लागतो, खाली उभी केलेली पांढरी गाडी दिसावी लागते. ते सगळं खरं वाटेल असं कॉम्प्युटरवर करून देणं हे माझं काम. मी ते निम्मं एका सहा महिन्यांच्या कोर्सात शिकलो होतो आणि उरलेलं चुका करत.

आमच्या घराण्यात याआधी घरं काढायचा प्रश्नच आला नव्हता. आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं, निम्मं वर्ष तर घराबाहेरच. त्या साली थोरला भाऊ कळप घेऊन गोदाकाठाला उतरला होता. आबांच्या गुडघ्यांनी संप केला, म्हणून आबा आणि माय माझ्याकडं गारखेड्यातल्या दोन खोल्यांत राहायला आले. आबांना शहरात करमायचं नाही. गल्लीत टँकर आला की सगळ्यांच्या आधी तेच उठायचे आणि कळप पाण्यावर आणावा तशी बायाबापड्यांची रांग लावून द्यायचे. कुणी मधे घुसलं तर तोंडानं असा आवाज काढायचे की ते माणूस आपोआप मागं सरायचं. एरवी दिवसभर माझ्या पाठीमागं बसून पडदा बघत राहायचे, पाऊस येईल का म्हणून आभाळाकडं बघावं तसे.

तर त्या वर्षी एका आर्किटेक्ट मॅडमनी मला बोलावलं. माझी दोन चित्रं त्यांनी कुठंतरी पाहिली होती. ऑफिस असं थंडगार की मला वाटलं इथं दही लागणार नाही. मॅडम मोजून बोलायच्या.

"पाडव्याला बुकिंगचा नारळ फुटणार आहे," त्या म्हणाल्या. "मंडपात मोठा पडदा लावणार आहोत. त्यावर एक मिनिटाची फिल्म हवी. गेटातून आत शिरायचं, इमारतीभोवती फिरायचं, स्विमिंग पूल, शेवटी कारंजं. जमेल?"

"होऊन जाईल, मॅडम."

"मशीन कोणतं आहे तुमच्याकडे?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे?"

"म्हणजे... चालू आहे."

"मी ते विचारलं नव्हतं." त्यांनी नकाशांची गुंडाळी माझ्याकडं सरकवली. "फिल्म वेळेत आली तर यापुढं ऑफिसचं सगळं थ्रीडी तुमच्याकडे. नाही आली तर पुण्याचे लोक आहेत."

माझ्या दृष्टीनं तिसरीही एक शक्यता होती, ती मी मॅडमना सांगितली नाही. मामानं वाळूजच्या एका कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मशीनवर पत्रा दाबायचा, आठ तास, कंत्राटी पाळी. पाडवा झाला की हजर व्हायचं. काम वाईट नव्हतं, माझे निम्मे दोस्त तेच करत होते. पण मला घरं काढायची होती. तेव्हा त्या एका मिनिटाच्या फिल्मवर माझं पुढचं सगळं आयुष्य बेतलेलं होतं, आणि ती फिल्म ज्याच्यावर बनणार त्याला शेजारच्या काकू गिरणी समजत होत्या.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. इमारत मी रेघांनी उभी करायची, ऊन कुठून येतं ते सांगायचं, भिंत कसली, काच कसली ते सांगायचं. मग कॉम्प्युटर एकेका ठिपक्याचा हिशोब करून चित्र रंगवतो. एका सेकंदाच्या फिल्मला अशी पंचवीस चित्रं, म्हणजे मिनिटाला दीड हजार. इमारत उभी करण्यात माझे दहा-बारा दिवस गेले. नंतर एक चित्र रंगवायला लावलं. बारा मिनिटं लागली. ठीक आहे म्हटलं. मग स्विमिंग पुलाचं एक चित्र लावलं.

मशीन बसलं. कण्हायला लागलं. पाण्यात आभाळ दिसतं, आभाळात इमारत दिसते, इमारतीच्या काचेत परत पाणी दिसतं; त्या प्रत्येकाचा हिशोब करता करता ते इतकं घामाघूम झालं की वरून हात धरला तर भाकरी शेकली असती. एका चित्राला चाळीस मिनिटं. मी कागद घेऊन गणित मांडलं. लाईट एक क्षण गेली नाही, मशीन एकदा अडलं नाही असं धरलं तरी वीस दिवस. पाडव्याला नऊ दिवस उरले होते.

आबा मागून बघत होते.

"हे पाणी कुठलं रं?"

"खरं नाय आबा, चित्रातलं हाये."

"मंग एवढं कण्हतंय कशाला?"

"पाणी काढायलाच सगळ्यात जास्त ताकद लागती."

आबा पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "खोट्या पाण्यालाबी एवढी मारामार म्हणल्यावर खऱ्याला काय बोलायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहागंज गाठलं. तिथं एका बोळात एक चाचा बसायचे. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, पुढं लोकांनी मनगटावरची घड्याळं काढून खिशातल्या मोबाईलमध्ये वेळ बघायला सुरुवात केली, तसे चाचा जुन्या कॉम्प्युटरांकडं वळले. पण डोळ्याला लावायचं ते भिंग आणि तो बारीक चिमटा त्यांनी सोडला नव्हता. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर चाचांना श्वास सोडून बसावं लागायचं.

मी रडगाणं गायलं. चाचांनी ऐकून घेतलं.

"मियाँ, मशीन सुस्त नई है. बुड्ढा है. बुड्ढे कू पानी में कायकू उतारे तुम?"

"चाचा, नवीन घ्यायचं म्हटलं तर सगळंच बदलावं लागतंय. बोर्ड, रॅम, सगळं."

"नक्को. कुछ मत बदलो." त्यांनी मागच्या फळीवरून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत कापसावर चौकोनी चपट्या चकत्या, रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या; एक बाजू स्टीलची, दुसरीवर सोन्याचे ठिपकेच ठिपके. "ये सर्वर के प्रोसेसर है. किसी बडे दफ्तर में पाच साल खडे रहे, दिन-रात. एक दिन छुट्टी नई लिये. अब दफ्तर में नया सर्वर आया, तो इनकू भंगार में फेक दिये. इनकी उमर गई क्या? नई गई. इनका जमाना गया."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बोर्ड म्हणजे तो मेंदू ज्यावर बसतो ती पाटी, आणि सर्वर म्हणजे अख्ख्या ऑफिसचं ओझं वाहणारा मोठा कॉम्प्युटर. माझ्या मशीनचा मेंदू दोन डोक्यांनी काम करायचा. चाचांच्या डब्यातला चार डोक्यांचा, आणि वरून दुप्पट तरतरीत. गोम एवढीच की सर्वरची बैठक वेगळी. दोन ठिपक्यांची जागा अदलाबदल केलेली आणि कडेच्या खाचा भलत्या ठिकाणी. ठिपक्यांसाठी चाचांकडं एक स्टिकर होता, चिमणीच्या नखाएवढा. तो नेमक्या जागी चिकटवला की दोन्ही ठिपके गुमान आपल्या बाजू बदलतात. चाचांनी भिंग लावलं, चिमट्यात स्टिकर धरला, आणि पुढची दोन मिनिटं शहागंजात एक माशीसुद्धा उडाली नाही. स्टिकर बसला.

"अब खांचे का काम तुम घर पे करो," त्यांनी सांगितलं. "बोर्ड पे जहाँ ये बैठता, उधर किनारे कू प्लास्टिक के दो दाने है. तांदूळ के दाने के आधे. ब्लेड से साफ काट डालो. पर बीच में सोने के बाल है, पौने आठसौ. एक बी मुडा तो बोर्ड गया समझो."

दोन कोंबड्यांच्या भावात त्यांनी मला तो दिला, आणि त्याही दुष्काळातल्या वाळलेल्या कोंबड्या. वर गरम मेंदूला लावायच्या मलमाची अर्धी ट्यूब कागदात बांधून दिली. मी म्हणालो, चाचा, हे चाललं नाही तर? ते म्हणाले, "तो वापस लाओ. चला तो बी एक बार बताने आओ. चलने की खबर कोई नई लाता, सब बंद पडे की खबर लाते." मी पुढं त्यांच्याकडं दहाबारा वर्षं गेलो, काही बंद पडलं म्हणून नव्हे, चालतंय एवढं सांगायला. तेवढंच माझ्यानं झालं.

घरी आलो. पुडी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली आणि नवं ब्लेड आणायला कोपऱ्यावर गेलो. कोपऱ्यावर एक दोस्त भेटला, दहा मिनिटं गेली. माझ्या आयुष्यातली सर्वात महाग दहा मिनिटं.

परत येतो तर पुडी उघडलेली. प्रोसेसर देवासमोर पाटावर. सोन्याची बाजू वर. तिच्यावर मधोमध चिमूटभर भंडारा, त्यावर कुंकू, बाजूला दोन तांदूळ. आमच्याकडं खंडोबाच्या पिवळ्या भंडाऱ्याशिवाय कुठलीच गोष्ट घरात येत नाही; कोकरू येऊ द्या, सायकल येऊ द्या, नाहीतर सून.

मी पाटापुढं वाकून बघितलं. "माय, हे काय केलं?"

"पूजा केली. नवी वस्तू आली ना घरात?"

"अगं, पण या बाजूला?"

"मंग कुठल्या? तोंड हेच हाये की त्याचं. सोनं तोंडाला असतं. पाठीला कुणी कुंकू लावतं का?"

तिच्या तर्कात मला आजही एक चूक दाखवता येत नाही. फक्त त्या तोंडातून तो बोर्डाशी बोलतो, आणि आता त्याच्या तोंडात हळद भरली होती. मी धावत जाऊन चाचांना फोन लावला.

"चाचा, प्रोसेसरवर भंडारा पडला."

"क्या पडा?"

"हळद. आणि कुंकू."

पलीकडं चाचांनी चिमटा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चाचा सावकाश म्हणाले, "गीला कि सूखा?"

मी मायला विचारलं. ती जरा वरमली. "कोरडंच लावलं रं. एरवी बोट बुडवून लावते, वरून फुलानं पाणी शिंपडते. पण टँकर परवा येणार. म्हणलं देवाला सांगू, औंदा कोरडं चालवून घे."

"सूखा आहे, चाचा."

"बच गये मियाँ. गीला रहता तो कुंकू जम के बैठता, निकालने कू स्पिरिट लगता, और स्पिरिट से स्टिकर निकल जाता. अब सूखा झटको, नरम चीज से. पानी नक्को, स्पिरिट नक्को."

म्हणजे बघा. त्या दुष्काळानं आमच्याकडून काय काय नेलं ते सांगायला बसलो तर हा कागद पुरणार नाही. पण बादलीभर पाण्याची चणचण नसती तर मायनं रीतसर पूजा केली असती, आणि मी वाळूजला पत्रा दाबत बसलो असतो. दुष्काळाचे आभार मानणारा मराठवाड्यातला मी बहुधा एकटाच माणूस असेन. एकदाच मानतो, एवढ्याच कारणासाठी.

झटकायला नरम चीज काय? मायनं गाठोड्यातून धुतलेल्या लोकरीचा झुबका काढला, पहिल्या कातरणीची, कोकराची. मांडीवर धोतराचा तुकडा पसरून तिनं तो प्रोसेसर असा पुसला, जणू तान्ह्या बाळाचा कान पुसावा. एकेका ठिपक्यातली हळद वर आली. पुढं कधीतरी मला कळलं की लोकर घासली की तिच्यात वीज साठते आणि असल्या नाजूक चकतीला त्याहून मोठा शत्रू नाही. तेव्हा कळलं नाही हे बरं झालं. प्रोसेसरलाही कळलं नसावं.

आता ब्लेड. मी मशीनमधून बोर्ड काढला, जुना मेंदू उचलून बाजूला ठेवला. खाली ते पावणेआठशे सोनेरी केस, सगळे एका बाजूला किंचित वाकलेले, वाऱ्यानं कललेल्या गवतासारखे. आणि दोन कडांना ते दोन दाणे. मी ब्लेड हातात घेतलं. दाण्यापर्यंत नेलं. ब्लेड खाली ठेवलं, पाणी प्यालो, परत घेतलं. आता तर ब्लेड हलतंय की बोर्ड हेच कळेना. माझ्या डोळ्यांपुढं पत्रा दाबायचं मशीन वरखाली होऊ लागलं.

"इकडं आण," आबा म्हणाले.

"आबा, हे लई नाजूक काम हाये."

"कोकराचा कान काय जाड असतो का?"

हे खरं होतं. आमच्याकडं कोकराच्या कानाला खाच पाडून खूण करतात, कळप मिसळले तरी आपलं जनावर ओळखू यावं म्हणून. प्रत्येक घराची खाच वेगळी. आबांनी आयुष्यात किती कान कापले असतील? मी धरतो की लाखभर. चला, पन्नास हजार. शीर चुकवून, धडपडणारं जनावर गुडघ्यात धरून, एका फटक्यात.

ते भिंतीला टेकून बसले. दुखऱ्या गुडघ्यांत बोर्ड धरला, डाव्या हाताचा अंगठा सोनेरी केसांवर हवेतच आडवा ठेवला, टेकू न देता. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तू बाहीर जा. जनावर घाबरतं, मालकाचा जीव वरखाली झाला की." मी गेलो नाही, पण तोंड मिटलं. ब्लेड एकदा फिरलं. दाणा उडून मायच्या पदरावर पडला. त्यांनी बोर्ड फिरवला, दुसऱ्या बाजूनं धरला, तोंडानं हळूच "हां हां, झालं, झालं" म्हणाले, ते मला नव्हतं, बोर्डाला होतं. दुसरा दाणा.

"रक्त नाय निघत याचं," ते म्हणाले, आणि ब्लेड पुसून मला परत दिलं.

सर्वरचा मेंदू त्या जागेत असा बसला जसा तिथंच जन्मला होता. मलम लावलं, पंखा बसवला, वायरी जोडल्या. बटण दाबलं. पडदा काळा. काळाच. माय देव्हाऱ्याकडं बघायला लागली. आबा म्हणाले, "थांब. नवं जनावर हाये, गोठा हुंगतंय." आणि पडद्यावर अक्षरं उमटली. मेंदूचं नाव मशीनला ओळखता आलं नव्हतं, त्यानं 'अनोळखी' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं, पण कामाला घेतलं. आमच्या गावातही नवीन माणसाला असंच घेतात.

मी पुलाचं तेच चित्र परत रंगवायला लावलं. पूर्वी पडद्यावर दोन लहान चौकोन चित्र रंगवत पुढं सरकायचे. आता चार. चौघंही भराभर, कुणी आभाळाकडं, कुणी पाण्याकडं.

"चार मेंढरं सोडली व्हय," आबा म्हणाले. "आणि चांगली चरत्यात."

अकरा मिनिटांत पाण्याचं चित्र झालं. मी परत गणित मांडलं. काही अडलं नाही तर सहा दिवस. पाडव्याला आठ होते.

अडलं. न अडतं तर मी सांगायला कशाला बसलो असतो? लाईट जायची ती जायचीच. पण झालेली चित्रं सुरक्षित राहायची, लाईट आली की पुढचं चित्र सुरू. खरा घोर दुपारचा होता. बाराला ऊन छपराच्या पत्र्यावर आलं की खोली भट्टी व्हायची आणि सर्वरचा तो मेंदू, ज्यानं पाच वर्षं एसीत काढली होती, जीव धरून स्वतःच बंद व्हायचा. पहिल्या दुपारी चार वेळा. अशानं कारंज्यापर्यंत पोहोचलोच नसतो.

उपाय आबांनी काढला. खिडकीला दोन पोती टांगली, ओली. पाणी कुठलं? मायनं भांडी विसळलेलं पाणी एका घमेल्यात धरायला सुरुवात केली, आणि आबा दर अर्ध्या तासानं उठून तांब्यानं पोती भिजवायचे. गुडघे धरत उठायचे, धरत बसायचे. मी म्हणालो, आबा, मी करतो. ते म्हणाले, तू तुझी चित्रं मोज. आठवडाभर आमच्या घरात आंघोळी अर्ध्या तांब्यावर आल्या, पण मशीनची पोती सुकली नाहीत. पंखा गुरगुरायचा, पोत्यातून गार वारा यायचा, त्याला भांड्याच्या राखेचा वास. माझ्या आयुष्यात माझी इतकी सेवा कुणी केली नाही जितकी त्या दोघांनी त्या डब्याची केली. आणि ती त्या डब्याची नव्हती, एवढं न कळायला मी काय प्रोसेसर होतो?

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली, शेजारच्या काकूंनी साखरेची गाठी आणून दिली, आणि माझी चौदाशे पन्नास चित्रं झाली होती. पन्नास कमी. शेवटचे दोन सेकंद, कारंज्याचे. नारळ अकराला. पन्नास चित्रांना अजून आठ-नऊ तास लागले असते.

मी काय केलं ते सांगतो. कारंजं वर उसळण्याची आधीची पन्नास चित्रं घेतली आणि उलट्या क्रमानं मागं जोडून दिली. मिनिट भरलं. पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि आबांना मोटारसायकलवर मागं बसवून बायपासच्या मंडपात गेलो.

फिल्म लागली. गेट आलं, इमारत आली, बाल्कन्या आल्या. पूल आला तेव्हा मंडपातल्या माना पुढं आल्या. त्या उन्हात, त्या वर्षी, एवढं निळं पाणी बघून कुणाच्या घशाला कोरड पडली असेल तर कुणाची गेली असेल. कारंजं उसळलं, आणि सावकाश, अगदी शिस्तीत, परत आपल्या तोटीत गेलं. टाळ्या पडल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं.

चहाच्या टेबलाशी मॅडम माझ्याजवळ आल्या.

"कारंजं शेवटी आत का गेलं?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. "पाण्याचा पुनर्वापर दाखवलाय, मॅडम. सध्या दिवस तसे आहेत."

त्यांनी कप खाली ठेवला. "चांगलं आहे. आता खरं सांगा."

मी सांगितलं. पन्नास चित्रं कमी, जुनं मशीन, सर्वरचा मेंदू, स्टिकर, आबांनी कापलेले ते दाणे, पोती. आबा थोड्या अंतरावर सावलीत बसले होते, तिकडं मॅडमनी बघितलं.

"ते दाणे त्यांनी कापले?"

"हो. दाढीच्या पात्यानं."

त्या आबांकडं गेल्या. काय बोलल्या ते लाऊडस्पीकरमुळं मला ऐकू आलं नाही. आबा उठायला गेले, त्यांनी बसा बसा म्हणून हातानं थांबवलं. परत येऊन मला म्हणाल्या, "पन्नास चित्रं पूर्ण करून द्या, वेबसाइटला लागतील. सोमवारी ऑफिसला या, दुसऱ्या इमारतीचे नकाशे तयार आहेत. आणि पुढच्या वेळी कमी पडणार असेल तर मला आधी सांगायचं. मी नारळ बाराला फोडायला लावला असता."

मी मान हलवली. सोमवारी ऑफिस उघडायच्या तासभर आधी मी दारात होतो, आणि हे मी कुठंही वाढवून सांगत नाही.

येताना मोटारसायकलवर आबांना विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? "गुडघ्याचं विचारत व्हत्या," एवढंच ते म्हणाले. मी त्यांना सोमवारचं सांगितलं. गारखेड्याचं वळण आलं. त्यांनी मागून खांद्यावर हात ठेवला.

"म्हंजे वाळूज नाय?"

"नाय आबा."

"मंग मामाला आत्ताच फोन लाव. गाडी थांबव. तू नाय जाणार म्हणल्यावर त्या जागेवर दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं लागंल. या सालात कुणाची एक जागा आडवू नाय."

मी गाडी कडेला घेतली आणि लिंबाच्या सावलीत उभा राहून मामाला फोन लावला.